रागामुळे काम चांगले होत असेल, तर तो राग मुद्दाम जागा ठेवावा का?

आडवाट (प्रश्न)

माझा प्रश्न रागाविषयी आहे. राग आवरावा कसा, यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि मला ते विचारायचेही नाही. रागाने माझे काम सुधारले, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या रागाचे आता काय करावे, हे मला ठरवता येत नाही.

मी आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करते. माझा एक मोठा अहवाल वरिष्ठांनी भर बैठकीत पहिले पानही न उलटता बाजूला ठेवला आणि संध्याकाळी दोन ओळींचा मेल पाठवून कळवले की, हा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा दिसतो, तेव्हा काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे का, याचा विचार चालू आहे. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी उत्तर लिहिले नाही. त्या संतापाच्या भरात मी प्रत्येक तक्ता मूळ नोंदींशी पुन्हा ताडून पाहिला, कुणी बोट ठेवण्याआधी माझी सगळी गृहीतके एका स्वतंत्र प्रकरणात उघडपणे मांडली आणि ज्या निष्कर्षांना पुरेसा आधार नव्हता ते काढून टाकले. एरवी अशा किचकट कामात माझे लक्ष लवकर उडते. तेव्हा ते उडाले नाही. नवा अहवाल स्वीकारला गेला, आणि ते माझे आजवरचे सर्वांत चोख काम आहे, असे माझ्या सहकाऱ्यांचेही मत आहे.

अडचण त्यानंतर सुरू झाली. कौतुक झाले आणि कामातली धार गेली. मध्यंतरी एक अतिशय रटाळ काम हातात असताना मी तो जुना मेल सहज उघडून वाचला. पुन्हा राग आला आणि हात भराभर चालू लागले. आता कंटाळा आला की मेल उघडायचा, असा पायंडाच पडून गेला आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. राग ही माणसाला पुढे नेणारी भावना आहे, याला अभ्यासाचा काही आधार आहे का? आपसूक आलेला राग आणि असा फुंकर घालून पेटता ठेवलेला राग यांत फरक करावा का? आणि याची काही किंमत मोजावी लागत असेल, तर ती कोणती?

काठावरचा

आडवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते थोडे विस्ताराने देण्यासारखे आहे.

भावनांची विभागणी आपण बहुधा सुखद आणि दुःखद अशी करतो. मानसशास्त्रात ती आणखी एका अंगाने केली जाते: ती भावना माणसाला समोरच्या गोष्टीकडे ढकलते, की तिच्यापासून मागे खेचते? भीती आणि किळस मागे खेचतात. आनंद आणि उत्सुकता पुढे ढकलतात. राग या मांडणीत पेच निर्माण करतो, कारण तो अनुभवायला दुःखद असला तरी त्याची ओढ पुढे जाण्याची असते. मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या अभ्यासात एके काळी असे मानले जात होते की, मेंदूच्या पुढच्या भागातील डावी बाजू सुखद भावनांशी आणि उजवी बाजू दुःखद भावनांशी जोडलेली असते. एडी हार्मन-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून रागाची मोजमापे घेतली, तेव्हा रागातही डाव्या बाजूची सक्रियता तुलनेने अधिक आढळली. म्हणजे त्या बाजूचा संबंध सुखापेक्षा पुढे सरसावण्याशी अधिक जवळचा होता. चार्ल्स कार्व्हर यांच्यासह त्यांनी २००९ मध्ये या सगळ्या पुराव्याचा आढावा प्रसिद्ध केला, आणि राग ही ध्येयाच्या वाटेत अडथळा आला असता त्याच्यावर चालून जायला लावणारी भावना आहे, ही मांडणी त्यानंतर बऱ्यापैकी रुळली.

तुमच्या अनुभवाशी सर्वांत जवळचा अभ्यास टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील हेदर लेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील प्रयोगांत एक हजारांहून अधिक लोक सहभागी होते. काहींना चित्रे दाखवून राग आणला गेला, काहींना हसवले गेले, काहींना उदास केले गेले, काहींना तटस्थ ठेवले गेले. मग सर्वांना अक्षरांची उलटापालट करून शब्द शोधण्यासारखी कामे दिली गेली. कोडी अवघड होती तेथे रागावलेल्यांनी तटस्थ गटापेक्षा अधिक कोडी सोडवली, कारण ते अधिक वेळ चिकटून राहिले. त्याच अभ्यासातील दोन बाबी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, काम सोपे असेल तर रागाचा असा फायदा दिसला नाही. दुसरी म्हणजे, बक्षीस मिळवण्यासाठी लबाडी करण्याची संधी होती तेथे रागावलेल्यांनी ती अधिक साधली. राग ध्येयाकडे ढकलतो. मार्ग सरळ आहे की वाकडा, याची फिकीर तो स्वतःहून करत नाही.

याला जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांच्या २००१ मधील कामाची जोड द्यायला हवी. घाबरलेला माणूस धोका फुगवून पाहतो, तर रागावलेला माणूस तोच धोका कमी लेखतो आणि स्वतःच्या हातात बरेच काही आहे, असे मानतो. वरिष्ठांना न जुमानता अख्खा अहवाल पुन्हा लिहायला घेण्यासाठी असाच आत्मविश्वास लागतो. तोच आत्मविश्वास बाळगून भरधाव गाडी हाकणे किंवा तडकाफडकी राजीनामा देणे यांचे परिणाम वेगळे होतात.

मोकळा_श्वास

माझ्या मते इतका खोल विचार करण्याची आवश्यकता नाही. राग आला की एकांतात उशी बडवावी, मोठ्याने ओरडावे आणि मन मोकळे करून घ्यावे. राग साठवून ठेवला की तो आतून पोखरतो.

काठावरचा

@मोकळा_श्वास, हा सल्ला फार लोकप्रिय आहे, परंतु तो तपासला असता टिकलेला नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. प्रत्येकाने लिहिलेल्या निबंधावर अपमानास्पद शेरा मारून त्यांना चिडवण्यात आले. मग एका गटाला त्या शेरेबाजाचा विचार करत वाळूच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, दुसऱ्या गटाला व्यायाम होतो आहे असा विचार करत ठोसे मारायला सांगितले, आणि तिसरा गट नुसता स्वस्थ बसून राहिला. शेरेबाजाला मनात धरून ठोसे मारणारे सर्वांत अधिक रागावलेले राहिले आणि पुढे संधी मिळाली तेव्हा सर्वांत अधिक आक्रमक वागले. स्वस्थ बसणारे सर्वांत निवळले. बुशमन आणि सोफी शेरविक यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हेच निघाले की, श्वासाचे व्यायाम किंवा ध्यान यांसारख्या शरीराचा उद्दीपितपणा उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो, तो वाढवणाऱ्या गोष्टींनी होत नाही.

राग साठवणे आणि राग ओकणे या दोहोंपलीकडे तिसरा पर्याय आहे, आणि आडवाट यांनी अहवालाच्या वेळी तोच निवडला होता. त्यांनी कोणावर आदळआपट केली नाही आणि राग गिळलाही नाही. त्या तक्ते तपासत बसल्या.

सावध वाचक

वरील अभ्यास मला मान्य आहेत, परंतु या चर्चेत रागाचे गुणगान अंमळ अधिक होते आहे, असे वाटते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

हा वाद नवा नाही. जिथे रागावणे योग्य आहे तिथेही जो रागावत नाही त्याला ॲरिस्टॉटल मूर्ख समजतो. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात आणि योग्य काळापुरते रागावणे त्याला स्तुत्य वाटते. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने यावर अतिशय धारदार आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, राग जर बुद्धीचे ऐकत असेल तर त्याला राग म्हणण्याचे कारण उरत नाही, आणि ऐकत नसेल तर तो युद्धात न ऐकणाऱ्या सैनिकाइतकाच निरुपयोगी आहे. जे काम राग करतो ते कर्तव्यबुद्धी अधिक चांगले करते, कारण ती मध्येच थकत नाही. आडवाट यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे, हे लक्षात घ्यावे: राग ओसरला आणि काम ओसरले.

आता शरीराविषयी. कोलंबिया विद्यापीठातील डाइची शिम्बो यांच्या चमूने २०२४ मध्ये २८० निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका गटाला त्यांना पूर्वी संताप आणणारा प्रसंग आठ मिनिटे आठवायला सांगितले. इतरांना चिंतेचा प्रसंग आठवायला, उदास वाक्ये वाचायला किंवा नुसते आकडे मोजायला सांगितले. राग आठवणाऱ्या गटात रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली आणि ही घट ४० मिनिटांपर्यंत टिकली. इतर गटांत असा ठळक परिणाम दिसला नाही. येथे कोणी कोणावर ओरडले नव्हते, काही फेकले नव्हते. केवळ आठवण काढली होती. तुम्ही तो मेल उघडता तेव्हा हेच करता. त्याआधी, २०१४ मध्ये, हार्वर्डच्या संशोधकांनी नऊ अभ्यास एकत्र करून असे दाखवले होते की, रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या जवळपास पाचपट होतो. निरोगी व्यक्तीसाठी मुळातला धोका फार लहान असल्यामुळे एखाद्या रागाने घाबरून जाऊ नये, हे मी प्रामाणिकपणे जोडतो. परंतु रोज, ठरवून, पुन्हा पुन्हा तो प्रसंग उगाळण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

आडवाट

सर्वांची आभारी आहे. काठावरचा यांनी सांगितलेली सोप्या कामाची गोष्ट वाचून मी थबकले. आणखी एक निरीक्षण नोंदवते. अहवालाच्या वेळी मला राग आला होता तो अहवाल न वाचला गेल्याचा, आणि मी काम करत होते तेही अहवालावरच. हल्ली मेल वाचून मी ज्या कामाला लागते त्याचा त्या मेलशी काहीच संबंध नसतो. शिवाय मेल वाचल्यावर काम वेगाने होते खरे, पण दुपारी कोणी साधा प्रश्न विचारला तरी माझे उत्तर तुसडे येते. वड्याचे तेल वांग्यावर काढल्यासारखे होते.

सेनेकाचा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. कर्तव्यबुद्धी माझ्याकडे आधीही होती. पहिला अहवाल मी तिनेच लिहिला होता.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. शास्त्रीय वाद सोडून एक घडलेला प्रसंग सांगते, कारण आडवाट यांनी शेवटी जे नोंदवले आहे ते मी जवळून पाहिले आहे.

आमच्या वॉर्डातील औषधांच्या ट्रॉलीत पोटॅशियम क्लोराइडच्या आणि इंजेक्शनसाठी लागणाऱ्या निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूल, म्हणजे छोट्या बंद कुप्या, शेजारशेजारच्या खणांत असत. दोन्ही पारदर्शक, दोन्हींचा आकार सारखा आणि त्यावरची अक्षरे बारीक. अँप्यूल दिव्यासमोर फिरवून धरावी तेव्हा नाव नीट दिसे. संहत पोटॅशियम क्लोराइड विरळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. एका रात्री एका नवीन सहकारिणीने चुकीची अँप्यूल उचलली. सिरिंज भरण्याआधी माझे लक्ष गेले म्हणून अनर्थ टळला. मला आलेला राग शब्दांत सांगणे कठीण आहे. माझे हात थरथरत होते आणि तोंडापर्यंत आलेले शब्द त्या मुलीला जन्मभर लक्षात राहिले असते.

ते शब्द मी उच्चारले नाहीत, कारण रुग्ण समोर होता. नंतर ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, राग तसाच होता, परंतु तोवर मला हेही दिसले होते की, अंधुक उजेडात, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, तीच अँप्यूल माझ्याही हातात आली असती. मग राग मुलीवरून त्या खणावर गेला. घटनेच्या अहवालात मी तिच्या चुकीविषयी एक वाक्य लिहिले आणि खणांविषयी दीड पान लिहिले. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा लिहिले, मग औषधभांडारात स्वतः गेले, मग बैठकीत तो विषय घ्यायला लावला. शांत असते तर पहिल्या पत्रानंतर मी गप्प बसले असते, याविषयी मला शंका नाही. आमच्याकडे कामाचा रगाडाच इतका असतो. शेवटी ती संहत औषधे वॉर्डातून काढून घेतली गेली आणि मागणीनुसार भांडारातून विरळ करून मिळू लागली. अशी सुधारणा जगभर अनेक रुग्णालयांत झाली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, हे मला नंतर कळले.

खण बदलला त्या दिवशी राग संपला. त्या मुलीशी माझे संबंध उत्तम आहेत.

जुनी वही

रात्रपाळी, तुमचा प्रसंग वाचून मला दोन गोष्टी आठवल्या.

पहिली म्हणजे तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी केलेला एक भेद. त्या एकूण रागाच्या बाजूच्या नाहीत. रागात बदला घेण्याची इच्छा दडलेली असते आणि बदल्याने झालेले नुकसान भरून येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. तरीही त्या एका प्रकारच्या रागाला वेगळे काढतात, ज्याचा सगळा आशय 'हे संतापजनक आहे, यावर काहीतरी केले पाहिजे' एवढाच असतो आणि ज्याची नजर मागच्या अपराधावरून पुढच्या उपायाकडे वळलेली असते. खणाविषयीचे दीड पान या वर्णनात तंतोतंत बसते.

दुसरी गोष्ट अधिक मोठ्या पटावरची आहे. कॅलिफोर्नियात मे १९८० मध्ये कँडी लाइटनर यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला एका मद्यधुंद चालकाने रस्त्यावर चिरडले. तो चालक काहीच दिवसांपूर्वी अशाच गुन्ह्यात पकडला जाऊन जामिनावर सुटला होता आणि त्याला फारशी शिक्षा होण्याची शक्यता नाही, असे पोलिसांकडूनच या आईला ऐकायला मिळाले. त्या संतापातून त्याच वर्षी त्यांनी मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना उभी केली. १९८४ मध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, त्यात मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग-निधीत कपात करण्याची तरतूद होती, आणि तो कायदा होण्यामागे या संघटनेचा रेटा मोठा होता. एका चालकावरचा राग न्याय्यच होता, पण तो तिथेच थांबला असता तर एका खटल्याबरोबर संपला असता.

जाता जाता, आपल्याकडील रसविचारातही क्रोध आणि उत्साह यांची घरे वेगळी आहेत: क्रोध हा रौद्र रसाचा स्थायिभाव, म्हणजे मूळ भाव, आणि उत्साह हा वीर रसाचा. मला वाटते, येथील बरीच चर्चा पहिल्यातून दुसऱ्यात कसे जावे, याविषयी चालली आहे. हा माझा विषय असल्याने मोह आवरला नाही, क्षमस्व.

मधली ओळ

एक मुद्दा अजून कोणी घेतला नाही. राग प्रेरक ठरतो की नाही, हे रागावणाऱ्यावर अवलंबून असते, असे सगळे गृहीत धरत आहेत; परंतु तो दिसला तर त्याचे मोल कोण ठरवते?

व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उल्मन यांनी २००८ मध्ये नोकरीच्या मुलाखतींच्या ध्वनिचित्रफिती लोकांना दाखवल्या. राग व्यक्त करणाऱ्या पुरुषाला प्रेक्षकांनी अधिक दर्जा दिला. तोच राग स्त्रीने व्यक्त केला, तर तिचा दर्जा घटवला आणि तिला द्यायचे वेतनही कमी सुचवले. पुरुषाच्या रागाचे कारण परिस्थितीत शोधले गेले, स्त्रीच्या रागाचे तिच्या स्वभावात. रागाचे बाहेरचे कारण स्पष्ट सांगितले गेले तेव्हा हा अन्याय बराच सौम्य झाला. आडवाट यांनी मेलला उत्तर न देता अहवाल लिहिला, याचे येथे कौतुक झाले आणि ते रास्त आहे. तरी पुरुष सहकाऱ्याने बैठकीतच आवाज चढवला असता तर त्याला कदाचित 'ठाम' म्हटले गेले असते, हेही नोंदले जावे. रागाला सभ्यतेचे धडे देताना, ज्यांच्या रागाला कधी ऐकूनच घेतले जात नाही त्यांनाच ते अधिक दिले जातात, असा माझा अनुभव आहे. कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी १९८१ मधील एका भाषणात वर्णद्वेषाविरुद्धच्या स्त्रियांच्या रागाविषयी हेच बजावले होते: रागात माहिती असते आणि ऊर्जा असते, आणि तो नेमका रोखला तर बदल घडवतो.

म्हणून सावध वाचक यांना मी विचारेन की, राग नको, कर्तव्यबुद्धी पुरेशी आहे, हे वाक्य आडवाट यांना सांगावे, की अहवाल न वाचता बाजूला ठेवणाऱ्यांना?

सावध वाचक

मधली ओळ, तुमचा शेवटचा प्रश्न बोचरा आहे आणि योग्यही आहे. दोघांनाही सांगावे, असे माझे उत्तर आहे, पण आधी कोणाला, यावर मी तुमच्याशी सहमत आहे.

रात्रपाळी यांच्या प्रसंगानंतर मी माझा आक्षेप मागे घेत नाही, तो अधिक नेमका करतो. माझा विरोध रागाचा साठा करण्याला आहे. खण बदलल्यावर संपलेल्या रागाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आडवाट

मधली ओळ, तुम्ही हे लिहिले म्हणून बरे वाटले. बैठकीत मी गप्प राहिले त्यामागे संयमापेक्षा हाच अंदाज अधिक होता.

एक शेवटचा प्रश्न राहतो. रटाळ कामाचे मी काय करावे? आणि पुढच्या महिन्यात त्याच वरिष्ठांशी माझ्या कामाच्या वाटणीविषयी बोलणी आहेत. तेथे राग दाखवावा की नाही?

काठावरचा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर थेट अभ्यास आहेत.

वाटाघाटींत राग दाखवणाऱ्यासमोर माणसे अधिक नमते घेतात, हे गर्बेन व्हॅन क्लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. परंतु वोल्फगांग स्टाइनेल यांच्यासह त्यांनीच २००८ मध्ये केलेल्या प्रयोगात एक महत्त्वाचा फरक पुढे आला. 'हा प्रस्ताव मला चीड आणतो' असा राग असेल, तर समोरचा सवलत देतो. 'तुमची मला चीड येते' असा असेल, तर देत नाही, उलट ताठरतो. त्यात भर म्हणजे स्टेफान कोते आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पाहिले की, वरवरचा, आणलेला राग समोरच्याला ओळखू येतो, त्यामुळे विश्वास घटतो आणि मागण्या वाढतात. म्हणून बोलण्यांच्या दिवशी सकाळी मेल वाचून जाऊ नका. कामाची वाटणी खरोखर अन्यायाची असेल, तर तिचा तपशील समोर ठेवताना येईल तेवढा राग पुरेसा आहे. तो लपवण्याची गरज नाही, आणि तो कोणत्या बाबीवर आहे, हे एका वाक्यात स्पष्ट सांगा. मधली ओळ यांनी दिलेल्या अभ्यासानुसार तेवढ्याने बराच फरक पडतो.

आता रटाळ काम. ज्या अडथळ्याने राग आणला, तोच अडथळा काम करून हटत असेल, तेव्हा राग उपयोगी पडला आहे, असे या सबंध चर्चेत दिसते: न वाचलेला अहवाल, चुकीचा खण, ढिला कायदा. रटाळ कामात असा अडथळाच नसतो. तेथे राग बाहेरून उसना आणावा लागतो, आणि काम पूर्ण झाले तरी त्याचे कारण दूर झालेले नसल्यामुळे तो दिवसभर शिल्लक राहतो व दुपारी साधा प्रश्न विचारणाऱ्यावर निघतो. तुमचे निरीक्षण याहून वेगळे काही सांगत नाही. कंटाळ्यावर कंटाळ्याचेच उपाय करावेत: कामाचे तुकडे पाडावेत, काही भाग यंत्राकडून करून घ्यावा, ते खरोखर आवश्यक आहे का, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आवश्यक नाही' असे निघाले आणि तरीही ते काम तुमच्यावर लादले जात असेल, तर मात्र तुमच्याजवळ रागाचे ताजे आणि स्वतःचे कारण आहे, आणि ते पुढच्या महिन्यातील बोलण्यांत मांडता येईल.

रात्रपाळी

आडवाट, बोलण्यांना जाताना मुद्दे कागदावर लिहून न्या. मी बैठकीला दोन्ही अँप्यूल सोबत नेल्या होत्या आणि त्या टेबलावर शेजारी ठेवून कोणती कोणती आहे ते ओळखा, एवढेच विचारले होते. लांबून कोणालाच ओळखता आले नाही, आणि त्यानंतर मला आवाज चढवावा लागला नाही.